स्टर्लिंग बनवावं की ज्योत गिळणारं? विसरलेल्या इंजिनांपैकी पहिलं कुठलं घ्यावं

लेथवर हात बसला, एक-दोन छोटी वाफेची इंजिनं करून झाली की पुढे काय हा प्रश्न येतोच. काहीतरी वेगळं हवं असतं, जे आज कुठल्याच गाडीत नाही की पंपावर नाही, पण टेबलावर ठेवून खरोखर चालवता येईल. दोन वर्षांपूर्वी मी नेमका ह्याच टप्प्यावर होतो. शेवटी दोन्ही बनवली, आधी स्टर्लिंग, म्हणजे आत कोंडलेली हवा आळीपाळीने तापवून आणि थंड करून चालणारं इंजिन, आणि नंतर फ्लेम लिकर, म्हणजे आपण त्याला ज्योत गिळणारं इंजिन म्हणू. दोन्ही आज चालू आहेत. पण कुणी विचारलं की एकच करायचं तर कुठलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते का ठरलं ते सांगायला हे लिहितोय.

आधी बाकीचे उमेदवार बाजूला करतो, कारण मोह सगळ्यांचाच होतो. नोमसारखं रोटरी इंजिन, ज्यात क्रँकशाफ्ट जागच्या जागी आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरतात, ते बघितलं की वेड लागतं. १९०९ च्या आसपास विमानांना हलकं इंजिन हवं होतं आणि फिरत्या सिलिंडरांना हवा आपोआप लागत होती, म्हणून ते त्या काळात जोरात चाललं, वंगण म्हणून एरंडेल वापरायचे कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. पण सात सिलिंडर, सात पिस्टन, त्यांच्या झडपा... पहिल्या कामाला नको. हॉट बल्ब इंजिन, ज्यात इंधन तापलेल्या लोखंडी पोकळीत (बल्बमध्ये) पेटतं, ॲक्रॉइड स्टुअर्टने १८९० मध्ये पेटंट घेतलेलं आणि हॉर्न्सबी कंपनीने पुढे बनवलेलं, ते मला फार आवडतं, लान्झ बुलडॉग ट्रॅक्टरचं तर स्टिअरिंगच काढून फ्लायव्हीलला लावून इंजिन सुरू करायचे. पण बल्ब ब्लोलँपने तापवायचा, इंधन आत फवारायचं, त्यासाठी छोटा पंप आणि नोझल बनवायचं, हे सगळं लहान आकारात जमवणं हा वेगळाच अभ्यास आहे. हिट अँड मिस इंजिन तिसरं. त्यात वेग सांभाळणारा गव्हर्नर वेग वाढला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो, मग सिलिंडरमध्ये ओढ तयार होत नाही, इनटेकची झडप आपोआप उघडत नाही, आणि इंजिन नुसतं फिरत राहतं, वेग कमी झाला की परत एक ठोका. तो आवाज ऐकत बसावं असा आहे. पण पेट्रोल, इग्निशन, धूर, हे घरात नको आणि चारही स्ट्रोकचं गणित पहिल्यांदाच जुळवायचं म्हणजे महिने जातील. म्हणून आग बाहेर आणि यंत्र आत असलेली दोनच उरली.

आता स्टर्लिंग. ह्याचा इतिहास इतका भारी आहे की त्याच्यामुळेच बरेच लोक ह्याच्याकडे वळतात, मीही त्यातलाच. रॉबर्ट स्टर्लिंग हा स्कॉटलंडमधला धर्मोपदेशक, १८१६ मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि १८१८ मध्ये एअरशायरमधल्या एका दगडाच्या खाणीत पाणी उपसायला त्याचं इंजिन लागलं. वाफेचे बॉयलर त्या काळात फुटायचे, माणसं मरायची, आणि ह्यात बॉयलरच नाही, आत फक्त हवा. तीच हवा गरम टोकाकडून थंड टोकाकडे आणि परत, डिस्प्लेसर, म्हणजे आतला सैल दट्ट्या, तिला ढकलत राहतो, आणि मधे रिजनरेटर, म्हणजे जाताना उष्णता ठेवून घेणारा आणि येताना परत देणारा भाग. खरं तर पेटंटमधली सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती. पुढे त्याच्या भावाने, जेम्सने, १८४३ मध्ये डंडीच्या एका फाउंड्रीत वाफेचं इंजिन बदलून हवेवर चालवलं. चांगलं चाललं, पण गरम सिलिंडरची बुडं परत परत जळून जायची, कारण सतत लालबुंद राहील असं लोखंडच तेव्हा नव्हतं, आणि १८४७ मध्ये ते काढून टाकलं. म्हातारपणी, १८७६ मध्ये, रॉबर्टने एका पत्रात बेसेमरच्या पोलादाचं कौतुक केलंय, की आता हवेच्या इंजिनाला दिवस येतील. दोन वर्षांनी तो गेला. धातू त्याच्या कल्पनेच्या मागे राहिला, कल्पनेत काही खोट नव्हती, हे मला ते इंजिन बनवताना सारखं जाणवायचं.

त्याच सुमाराला एरिक्सन नावाच्या अभियंत्याने तर हवेवर जहाजच चालवून बघितलं, १८५३ मध्ये, चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास १४ फूट. चाललं, पण मनासारखा वेग काही आला नाही आणि पुढे जहाज वाफेवर नेलं. आणि अजून शंभर वर्षांनी फिलिप्सने लांबच्या, वीज नसलेल्या जागी रेडिओ चालावेत म्हणून स्टर्लिंगचा छोटा जनरेटर काढला, १९५१ च्या आसपास साधारण १५० बनले, तोपर्यंत कमी विजेवर चालणारे ट्रान्झिस्टर रेडिओ दारात येऊन उभे होते. एवढं होऊनही हे इंजिन मेलं नाही, स्वीडनच्या गॉटलंड वर्गातल्या पाणबुड्यांमध्ये आहे, आणि आत स्फोट नाही म्हणून आवाजही फार कमी. तर घराण्याच्या बाबतीत स्टर्लिंगला तोड नाही, ते आधीच मान्य करून टाकतो.

ज्योत गिळणाऱ्याच्या नावावर असलं काही नाही. ना जहाज ना पाणबुडी. पण त्याची मुळं मात्र स्टर्लिंगपेक्षाही जुनी आहेत, असं मी मानतो. १६७३ च्या सुमारास डच शास्त्रज्ञ हायगेन्सने सिलिंडरमध्ये चिमूटभर बंदुकीची दारू उडवून बघितली होती, स्फोटाने हवा बाहेर, उरलेला गरम वायू थंड झाला की आत पोकळी, आणि मग बाहेरची हवा पिस्टनला खाली ढकलते. काम करते ती आग नाही, आपल्या डोक्यावरची हवा. नंतर न्यूकोमेनने १७१२ मध्ये तेच वाफेने केलं, वाफ आत, थंड पाण्याचा फवारा, आणि हवा काम करणार. आणि १८६७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो आणि लांगेनचं गॅसचं इंजिन आलं, त्यात स्फोटाने पिस्टन मोकळा वर उडायचा आणि खाली येताना हवेच्या दाबाने दात्यांच्या पट्टीतून चाक फिरवायचा. खडखडाट प्रचंड, पण त्याआधीच्या लन्वारच्या गॅस इंजिनाच्या निम्म्याहून कमी गॅस खायचं आणि सुवर्णपदक त्यालाच मिळालं. ह्या सगळ्या घराण्यातला सगळ्यात साधा, सगळ्यात धाकटा सदस्य म्हणजे आपलं हे.

चालतं कसं ते एका दमात सांगतो. पिस्टन मागे सरकतो तेव्हा डोक्याकडचं छोटं भोक उघडं असतं, समोर दिव्याची ज्योत असते, ती सरळ आत ओढली जाते. पिस्टन टोकाला पोचायच्या जरा आधी झडप बंद. आतला गरम वायू थंड भिंतींना लागून आकसतो, दाब पडतो, बाहेरची हवा पिस्टनला परत आत ढकलते, शेवटी झडप उघडते आणि उरलेला वायू फुस्सकन बाहेर. बस. ना डिस्प्लेसर, ना दुसरा पिस्टन, ना स्टर्लिंगसारखा त्या दोघांच्या हालचालीत ९० अंशांचं अंतर (फेज) राखायचा हिशोब. एक पिस्टन, एक झडप, आणि ती उघडझाप करणारा एक कॅम.

ताकद? फारशी नाही, आणि होऊही शकत नाही. २० मिमी बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, धरा, पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३.१४ चौरस सेंटीमीटर, म्हणजे आत अगदी पूर्ण निर्वात झाला तरी बाहेरून रेटा जेमतेम सव्वातीन किलो. प्रत्यक्षात पूर्ण निर्वात कधीच होत नाही, त्यामुळे हातात त्याच्या बराच खालचा आकडा येतो. स्टर्लिंगमध्ये आतली हवा मुळातच दाबून भरता येते, तिथे वाढायला जागा आहे, इथे वरची मर्यादा निसर्गानेच घालून दिलीय. म्हणूनच हे इंजिन कधी मोठं झालं नाही असं मला वाटतं. ज्याला पुढे त्यावर काही चालवायचंय, छोटा पंखा, डायनामो, एलईडी, त्याने इथेच थांबून स्टर्लिंग घ्यावं, त्यात वाद नाही.

आता खरा मुद्दा, ज्याने माझं मन ठरवलं.

माझं स्टर्लिंग गॅमा पद्धतीचं होतं, डिस्प्लेसरचा सिलिंडर वेगळा आणि कामाच्या पिस्टनचा वेगळा. भाग सगळे नीट झाले होते, म्हणजे मला तरी तसं वाटत होतं. पिस्टन ग्रॅफाइटचा, काचेसारखा घसरायचा, भोक बोटाने बंद केलं की जागेवर अडकून राहायचा. डिस्प्लेसर स्टीलच्या पातळ पत्र्याचा, पोकळ, बुडाला ब्रेझिंग, म्हणजे पितळी डाग देऊन जोडलेलं. लांबी स्ट्रोकच्या तिप्पट ठेवायची हा ठोकताळा पाळलेला. सगळं जोडलं, खाली दिवा लावला, दोन मिनिटं तापू दिलं आणि फ्लायव्हीलला झटका दिला. चार फेरे झाले आणि थांबलं. परत झटका, परत चार फेरे. दिवा वाढवला, पाच फेरे. आणि थांबताना काहीच नाही, ना खरखर, ना फुस, ना अडकल्यासारखं, नुसतं हळूहळू शांत.

हीच ती गोष्ट. स्टर्लिंग चालत नसलं की ते काहीही सांगत नाही. गळती असली तरी तसंच थांबतं, घर्षण असलं तरी तसंच, आतली रिकामी जागा जास्त झाली तरी तसंच, फेज चुकला तरी तसंच. सगळ्या रोगांना एकच लक्षण. आणि जे बघायचंय ते सगळं एका बंद डब्यात. गरम टोपी काढायची म्हणजे आधी थंड व्हायची वाट बघा, सहा स्क्रू काढा, जुनं सीलंट खरवडून काढा, आत बघा, काहीच दिसत नाही, परत सीलंट लावा, रात्रभर वाळू द्या, दुसऱ्या दिवशी परत चार फेरे. मी हे अकरा वेळा केलं. अकरा संध्याकाळी. प्रत्येक वेळी एक अंदाज तपासायचा, डिस्प्लेसरचा दांडा जिथून बाहेर येतो ती ग्लँड थोडी मोकळी केली, क्रँकची पिन बदलली, फेज दोन-चार अंश इकडेतिकडे करून बघितला, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच, चार फेरे आणि शांतता.

शेवटी सापडलं ते असं की डिस्प्लेसर काढून गरम पाण्याच्या भांड्यात बुडवला. आतली हवा तापून फुगली आणि बुडाच्या ब्रेझिंगच्या कडेने बुडबुड्यांची बारीक माळ निघाली, एकामागून एक, एकाच जागेवरून. केसाएवढी फट. म्हणजे जो भाग फक्त हवा ढकलायला होता तो स्वतःच हवा आत-बाहेर करत बसला होता, दाबाचा चढउतार तिथेच जिरत होता. फट भरली, जोडलं, आणि पहिल्याच झटक्याला इंजिन जे धरलं ते दिवा विझेपर्यंत थांबलं नाही. आनंद झाला, खूपच झाला, पण त्या अकरा संध्याकाळी माझ्या अंगावर राहिल्या त्या राहिल्याच.

जुना हात असलेले लोक म्हणतील की डिस्प्लेसर जोडायच्या आधीच गरम पाण्यात बुडवून बघायचा असतो, आणि ते बरोबरच आहे, तुम्ही स्टर्लिंग घेतलंत तर हे एवढं नक्की करा. पण पहिल्यांदा करणाऱ्याला कुठली गोष्ट आधी तपासायची हेच माहीत नसतं आणि हे इंजिन ते शिकवत नाही, ते गप्प बसतं.

ज्योत गिळणारंही पहिल्या दिवशी चाललं नाही, हे सांगितलंच पाहिजे. पण त्याचं न चालणं वेगळं होतं. दिवा लावला, चाक फिरवलं, ज्योत भोकाकडे जरा वाकली आणि सरळ झाली. म्हणजे ओढ लागतेय, पण कमी. झडपेकडे बघितलं तर तिची पातळ स्टीलची पट्टी एका कोपऱ्यात उचललेली, उजेड आरपार दिसत होता. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून भोकाभोवतीची जागा घासली, पट्टी नवीन कापली, दहा मिनिटांचं काम. परत चाक फिरवलं, आता हाताला ओढ जाणवली, सायकलच्या पंपाचं तोंड बंद करून दांडा मागे ओढला की जाणवते ना तशी. तरी चालेना. मग दिसलं की पिस्टनवर बारीक थेंब आहेत. स्पिरिट जळताना पाणी होतं आणि ते पाणी थंड सिलिंडरच्या भिंतीवर दव पडल्यासारखं साठतं, पिस्टन चिकटायला लागतो. टिश्यू पेपर काडीला गुंडाळून पुसलं, परत चालवलं, परत पुसलं, तिसऱ्यांदा सिलिंडर कोमट झाला होता त्यामुळे पाणी साठलंच नाही आणि टप् टप् टप् करत ते चालू झालं. सगळं मिळून एक संध्याकाळ.

प्रत्येक दोष डोळ्याला दिसत होता, कानाला ऐकू येत होता किंवा हाताला जाणवत होता. झडप उघडी, पिस्टन उघडा, कॅम उघडा, ज्योत समोर. काहीही उलगडून बघायला दोन स्क्रू. माझ्यासाठी तराजू तिथेच झुकला.

ह्याचा अर्थ ते निर्दोष आहे असं अजिबात नाही. ह्याचे स्वतःचे नखरे आहेत आणि ते रोजचे आहेत. पंखा चालू असला की हे चालत नाही, कारण ज्योत हलली की संपलं. खिडकीतून आलेली झुळूकसुद्धा पुरते. मी आता तीन बाजूंनी काचेचा आडोसा करून ठेवलाय. दुसरं, ज्योतीची जागा. तिचं टोक भोकाच्या अगदी समोर, दोन-तीन मिलिमीटरवर हवं, वात जरा जास्त वर आली किंवा दिवा सरकला की इंजिन लगेच मंदावतं. तिसरं, झडपेची स्प्रिंग स्टीलची पट्टी सतत ज्योतीजवळ असते, जास्त तापली की तिचा ताव जातो आणि ती वाकडी होते, मी दोन जादा पट्ट्या कापून डबीत ठेवल्यात. आणि चौथं, सिलिंडरमध्ये तेलाचा थेंबही नको. सवयीने आपण तेलाची बाटली घेतोच, पण ह्यात तेल गेलं की ते तापून चिकट होतं आणि एवढ्याशा ताकदीच्या इंजिनाला तेवढं घर्षणही जड जातं. पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही कास्ट आयर्नचे ठेवावेत, दोघं सारखेच फुगतात आणि त्यांच्यातलं ग्रॅफाइट थोडंफार वंगणाचं काम करतं. मी पहिल्यांदा सिलिंडर ॲल्युमिनियमचा केला होता, मोह होतो कारण कापायला सोपा आणि उष्णता सोडणारे पंख छान निघतात, पण तापल्यावर सिलिंडर पिस्टनपेक्षा जास्त फुगला, फिट ढिला झाला आणि ओढ गेली. दुसरा कास्ट आयर्नचा केला तेव्हापासून तक्रार नाही.

सलग चालण्याच्या बाबतीत स्टर्लिंग पुढे आहे. माझं स्टर्लिंग दिव्यात स्पिरिट असेपर्यंत चालतं, त्याच्या थंड बाजूला पंख आहेत आणि ज्योतीपासून लांब आहे. ज्योत गिळणाऱ्याचा सिलिंडर हाच थंड करणारा भाग आणि त्याच्याच तोंडाला आग, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांनी सिलिंडर इतका तापतो की आतला वायू पुरेसा आकसत नाही आणि वेग पडायला लागतो. मग विश्रांती. पंख मोठे केले तर थोडं सुधारतं. म्हणजे गंमत बघा, थंड असताना पाणी साठतं म्हणून चालत नाही आणि फार तापलं तरी चालत नाही, मधला एक पट्टा आहे त्यात ते खूश असतं. काहींना हे त्रासदायक वाटेल. मला ते बघत बसायला आवडतं, पण प्रत्येकाला आवडेल असं मी म्हणणार नाही.

कारागिरीच्या दृष्टीने बघितलं तर पिस्टनचा फिट दोन्हीकडे तेवढाच नाजूक आहे, तिथे सुटका नाही. बोअर लॅप करा, म्हणजे बारीक पावडरने घासून गुळगुळीत करा, पिस्टन त्याच्या मापाने करा, उभा धरल्यावर स्वतःच्या वजनाने सावकाश खाली सरकेल आणि एक टोक बोटाने बंद केलं की थांबेल, एवढं आलं की झालं. बेअरिंगही दोन्हीकडे मोकळी हवीत, मी छोटी बॉल बेअरिंग आतली ग्रीस धुवून वापरली. भागांची संख्या मात्र ज्योत गिळणाऱ्यात जवळजवळ निम्मी. स्टर्लिंगमध्ये एकाच रेषेत यायला हव्या अशा गोष्टी जास्त आहेत, डिस्प्लेसरचा दांडा, त्याची ग्लँड, गरम टोपी, आणि ह्यातलं काहीही पाव मिलिमीटरने तिरकं झालं की कुठेतरी घासतं आणि ते घासणं आत, बंद डब्यात. ज्योत गिळणाऱ्यात अवघड काम एकच, कॅमची वेळ. झडप बंद होण्याचा क्षण जरा मागेपुढे झाला की खूप फरक पडतो, म्हणून कॅम शाफ्टवर ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने) बसवा म्हणजे फिरवून बघता येईल. मी पाच-सहा वेळा फिरवला, आणि प्रत्येक वेळी फरक लगेच कानाला कळत होता.

एक गोष्ट जाता जाता. जेम्स सेन्फ्ट हे अमेरिकन गणितज्ञ, हवेच्या इंजिनांच्या जगात त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. इव्हो कोलिन यांनी १९८३ मध्ये गरम पाण्यावर चालणारं कमी तापमान फरकाचं स्टर्लिंग दाखवलं, त्यानंतर सेन्फ्टनी ती कल्पना इतकी पुढे नेली की त्यांचं एक इंजिन अर्ध्या अंश सेल्सिअसच्या फरकावर फिरतं. तळहातावर ठेवा, चालतं, अशी जी इंजिनं आपण बघतो ती ह्याच घराण्यातली. आणि ह्याच माणसाने हौशी लोकांसाठी पॉपिन नावाचं ज्योत गिळणारं इंजिनही आखलंय. स्टर्लिंगवर इतकं काम केलेल्या माणसालाही हे साधंसं यंत्र आखावंसं वाटलं, ह्याचं मला फार बरं वाटतं.

बघणाऱ्यांच्या बाजूनेही सांगतो. स्टर्लिंग चालू असताना पाहुणे म्हणतात, छान फिरतंय, आतमध्ये काय आहे? मग मी कागद घेऊन डिस्प्लेसर काढून दाखवतो, हवा इकडे, हवा तिकडे, ते मान हलवतात. ज्योत गिळणाऱ्यासमोर माझा आठ वर्षांचा पुतण्या टेबलाला हनुवटी टेकवून बसला होता. ज्योत दर फेऱ्याला वाकून भोकात शिरते, निळसर होऊन नाहीशी होते, परत उभी राहते, परत वाकते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "काका, ते आग खातंय आणि मग गिळताना चाक फिरतंय." मी कधी इतक्या थोडक्यात सांगू शकलो नसतो.

मग कुणी काय घ्यावं? माझं असं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं. तुमच्याजवळ धीर भरपूर आहे, ब्रेझिंग चांगलं जमतं, पुढे इंजिनाकडून काहीतरी काम करून घ्यायचंय, किंवा ते शेल्फवर ठेवून तासन्‌तास आवाज न करता फिरायला हवंय, तर स्टर्लिंग घ्या, वाईट वाटणार नाही. तयार भागांचे संच आणि आराखडेही त्याचेच जास्त मिळतात. फक्त जोडायच्या आधी प्रत्येक बंद भाग गरम पाण्यात बुडवा, आणि टोपी उघडायला सोपी ठेवा, सहाच्या जागी तीन स्क्रू आणि सीलंटऐवजी पातळ गॅस्केट, मी आता तसंच केलंय.

पण वाफेशिवाय चालणारं तुमचं हे पहिलंच इंजिन असेल आणि संध्याकाळचा एखाद-दीड तासच हातात असेल, तर मी तरी ज्योत गिळणाऱ्याकडेच बोट दाखवेन. चुकलं तर कुठे चुकलं ते तुम्हाला त्याच बैठकीत कळेल. बोअर १८ ते २० मिमीच्या खाली नेऊ नका, लहान केलं की सिलिंडरच्या भिंती वायूला ज्योतीसकट लगेच थंड करतात, आत ओढतानाच अर्धी गरमी जाते आणि घर्षण मात्र तेवढंच राहतं. फ्लायव्हील जड घ्या, कारण ताकदीचा स्ट्रोक एकच आहे आणि बाकी सगळा वेळ त्यालाच ओढून न्यायचंय. दिव्याची वात सुती, सैल भरलेली, आणि दिव्याला मागेपुढे सरकायला खाच ठेवा. पहिल्या दिवशी पंखा बंद, टिश्यू पेपर जवळ, तेलाची बाटली कपाटात.

मी सध्या दुसरं करायला घेतलंय, २८ मिमी बोअरचं, पंख जरा खोल, आणि झडप भोकासमोर उचलण्याऐवजी बाजूला सरकणारी, म्हणजे पट्टी ज्योतीच्या वाटेतून थोडी लांब राहील. बोअर लॅप करून झाला आहे. पिस्टन अजून दोन-अडीच शतांश मिलिमीटरने जास्त आहे, उद्या बसतो त्याच्यावर.